ईएलसीबीचा खटका वारंवार पडतो? आधी गळती शोधा



ऊस नोंदीच्या व लागणीच्या निमित्ताने आम्ही शेतकी विभागाचे लोक गावोगाव, वस्तीवस्तीवर फिरत असतो. उसाची चौकशी झाली की घरातल्या इतरही अडचणी निघतात. पावसाळ्यात एक तक्रार हमखास कानावर येते : "साहेब, बोर्डातला तो खटका सारखा पडतोय. वायरमनला सांगून काढूनच टाकतो." म्हणून या वेळी खत-पाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवून या खटक्याविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

खटका करतो काय?

मीटरजवळच्या बोर्डात 'टेस्ट' किंवा नुसते 'टी' असे लिहिलेले छोटे बटण असलेला जो खटका असतो, त्याला आपल्याकडे ईएलसीबी म्हणतात. हल्ली दुकानात तो आरसीसीबी या नावाने मिळतो. त्याचे काम पाटाच्या पाण्यावरून समजून घेऊ. दांडाच्या तोंडाशी सोडलेले पाणी सरीत तेवढे पोचले नाही, तर मधे कुठे तरी खेकड्याचे बीळ आहे, हे आपण ओळखतो. विजेचेही तसेच. फेजच्या तारेने गेलेला प्रवाह न्यूट्रलच्या तारेने तेवढाच परत यायला हवा. कमी आला, तर तो गिझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून नाही तर माणसाच्या अंगातून जमिनीत उतरतो आहे.

घरगुती खटका बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी तफावत पडली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो वीज तोडतो. १०० वॅटचा जुना बल्ब सुमारे ४३० मिलिअँपिअर घेतो. यावरून ३० म्हणजे किती थोडे ते ध्यानात येईल. पण एवढा प्रवाह छातीतून वाहत राहिला तर जिवावर बेतते. १६ अँपिअरच्या एमसीबीला या गळतीचा पत्ताही लागत नाही, कारण १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर! उलट जादा लोड आणि शॉर्ट सर्किट एमसीबीच थांबवतो, आरसीसीबी नव्हे. म्हणून दोन्ही पाहिजेत.

गळती कशी शोधावी?

पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, आणि बोर्डाचे झाकण न उघडता पुढील क्रमाने जावे.

१. घरातल्या सर्व वस्तूंच्या पिना सॉकेटमधून काढाव्यात. फ्रीज, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटार, काहीही ठेवू नये. नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रलची तार वस्तूच्या पत्र्याला लागली असेल, तर बटण बंद असूनही गळती चालूच राहते. पुष्कळ जणांचा शोध येथेच फसतो.

२. सर्व एमसीबी खाली पाडावेत. मग ईएलसीबीचा खटका आधी पूर्ण खाली ओढून नंतर वर करावा. अर्ध्यावर अडकलेला खटका तसा वर बसत नाही.

३. आता एकेक एमसीबी वर करावा. ज्याला हात लावताच खटका पडेल, त्या लाईनमध्ये दोष. बाथरूमचे गिझर थेट जोडलेले असते; अंगणातला होल्डर, गोठ्यातला बल्ब यांत पावसाचे पाणी शिरते. तेथे आधी पाहावे.

४. सगळे एमसीबी वर राहिले, तर एकेक पीन लावून वस्तू चालू करावी. जिच्यावेळी खटका पडेल ती वस्तू बाजूला काढून दुरुस्तीला द्यावी. गिझर किंवा हीटरची कॉइल आणि ओल धरलेली मोटार हे नेहमीचे गुन्हेगार.

५. कोणतीही एक वस्तू सापडत नाही, पण सगळ्या लावल्या की खटका पडतो, असेही होते. थोडी थोडी गळती मिळून बेरीज होते, आणि ३० चा खटका १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो.

६. सर्व पिना काढून, एमसीबी पाडूनही खटका बसत नसेल, तर दोष वायरिंगच्या न्यूट्रलमध्ये किंवा खटक्यातच आहे. इन्व्हर्टरचा आणि घराचा न्यूट्रल एकत्र केला असेल तरी हा त्रास होतो. येथून पुढचे काम परवानाधारक वायरमनचे. आपण हात घालू नये.

टेस्ट बटण आणि अर्थिंग

महिन्यातून एकदा, वीज चालू असताना टेस्ट बटण दाबावे. खटका पडलाच पाहिजे. पडला नाही, तर तो शोभेचा राहिला असे समजून बदलावा. मात्र बटण दाबून खटका पडला म्हणजे अर्थिंग चांगले, असे नव्हे. टेस्ट बटण अर्थिंगच्या तारेवर चालतच नाही. अर्थिंग चांगले असेल तर दोष होताच, कोणी हात लावण्याआधीच खटका पडतो. अर्थिंग नसेल तर माणसाचा हात लागून प्रवाह त्याच्या अंगातून गेला, की मगच पडतो. म्हणून अर्थिंगचा खड्डा कोरडा ठेवू नये आणि ते वायरमनकडून मोजून घ्यावे. शिवाय फेज व न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाती आले, तर हा खटकाही वाचवील असे नाही.

डायरेक्ट करू नका

सकाळी गिझर लावले की खटका पडतो, म्हणून तारा डायरेक्ट जोडलेली घरे आमच्या पाहण्यात आहेत. त्रास गेला असे वाटते, पण गळती तिथेच असते. फक्त सांगणारा गेला. त्याच गिझरखाली पोरेबाळे, म्हातारी माणसे आंघोळ करतात. कोणाला शॉक बसून खटका पडला असेल, तर कारण सापडेपर्यंत तो वर करू नये. कोणी चिकटले असेल तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा.

बांध फुटला तर आपण पाटकऱ्याला दोष देत नाही, बांध नीट करतो. विजेच्या बाबतीतही सर्व सभासदांनी हेच धोरण ठेवावे, आणि आज घरी गेल्यावर एकदा टेस्ट बटण दाबून पाहावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग