रुमालाखालची भाषा

मामा मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात टोल्किन वाचतो. भाचीने नुकतंच ‘द हॉबिट’ संपवलंय. यार्डाला सुट्टी, जेवणं आटोपलेली, पुस्तक ताटाशेजारी.

भाची : मामा, हे ड्वार्फ भलतेच चिक्कू आहेत रे. बिल्बोला ड्रॅगनच्या गुहेत धाडायचं आणि आधी करारपत्र करायचं?

मामा : चिक्कू नाहीत, व्यवहाराला चोख आहेत. काय काय ठरलं होतं, सांग बघू.

भाची : फायदा झालाच तर चौदावा हिस्सा. प्रवासखर्च त्यांचा. आणि बिल्बो मेलाच तर क्रियाकर्माचा खर्चही त्यांचा!

मामा : तेरा ड्वार्फ, एक हॉबिट. म्हणजे त्यांचा म्होरक्या थोरिन हा राजाचा नातू असला तरी हिस्सा बिल्बोइतकाच. आमच्या यार्डात इतकी सरळ वाटणी मी पाहिलेली नाही.

भाची : पण एवढी लिखापढी कशाला?

मामा : कारण ते पिकवत नाहीत. थोरिन पहिल्याच प्रकरणात सांगतो बघ. एरेबोरच्या डोंगरात ते धातू घडवायचे आणि पायथ्याच्या डेल गावातून धान्य यायचं. गावकरी आपली पोरं त्यांच्याकडे उमेदवारीला ठेवायचे आणि मोबदला द्यायचे तो बहुतेक धान्यातच. डेलचा खेळण्यांचा बाजार तर उत्तरेत नावाजलेला. मग तो ड्रॅगन स्मॉग आला, डोंगर गेला, आणि त्याच राजघराण्यावर लोहारकी करायची, कोळसा खणायची पाळी आली. ज्याचं पोट दुसऱ्याच्या शेतावर, त्याला शब्द पाळावा लागतो आणि समोरच्याकडून पाळूनही घ्यावा लागतो.

भाची : आणि समोरच्याने नाही पाळला तर?

मामा : ‘द सिल्मरिलियन’ वाच. एल्फांचा राजा थिंगोल याचा भुयारी महाल त्यांनीच खोदून दिला. तेव्हा मजुरीत मोती मिळाले, त्यातला एक कबुतराच्या अंड्याएवढा. सगळे खूश. पुढे त्याच राजाशी एका हारावरून बिनसलं. हार मुळात आमच्या पूर्वजांनी घडवला, म्हणून आमचा, असं ड्वार्फ म्हणाले. राजाने अपमान करून, काही न देता निघून जायला सांगितलं. त्यांनी राजाला जागीच मारलं.

भाची : बाप रे. मग त्यांच्यात वरचा कोण, खालचा कोण?

मामा : सात मूळपुरुष, त्यांची सात कुळं. सगळ्यांत थोरलं ड्यूरिनचं, लांब दाढीवाल्यांचं. थोरिन त्याच कुळातला. बिल्बोच्या दारात ड्वार्फ येतात तो प्रसंग आठव. एकेक जण झुकून ‘सेवेला हजर’ म्हणतो. थोरिन?

भाची : तो शेवटी येतो. दार एकदम उघडतं आणि चौघं एकमेकांवर कोसळतात. थोरिन तळाला, वर तो जाडा बॉम्बुर.

मामा : आणि उठल्यावर थोरिन सेवेचं अवाक्षर काढत नाही. राजा कोणाची सेवा करणार? आता मजा बघ. बिफुर, बोफुर आणि बॉम्बुर हे तिघे ड्यूरिनच्या वंशातले नाहीत, हे टोल्किनने नंतर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात सांगितलं. म्हणजे उंबरठ्यावर राजवंशाच्या छातीवर कोण बसलं होतं?

भाची : साधी प्रजा! बरं, त्यांच्यात बायका दिसतच नाहीत.

मामा : एकूण लोकसंख्येच्या फार तर तिसरा हिस्सा. वंशावळीत नाव फक्त एकीचं, थोरिनची बहीण डिस. टोल्किनने तिच्यासाठी दोन ओळी जास्त लिहायला हव्या होत्या, असं माझं मत.

भाची : आणि त्यांची भाषा?

मामा : आधी मला सांग, हुकूम, हाकीम, हुकूमत. तिन्हींत सारखं काय?

भाची : ह, क, म.

मामा : अरबी शब्द असेच घडतात. तीन व्यंजनांचा सांगाडा आणि आत स्वर बदलत राहायचे. ड्वार्फांच्या भाषेतही ख, झ, द घे. ते स्वतःला खझाद म्हणतात, भाषेला खुझ्दुल. हा हिब्रू-अरबीचा घाट टोल्किनने मुद्दाम दिला. ज्या देशात राहायचं तिथलीच भाषा बोलायची, पण आपली वेगळी जपायची, या बाबतीत ड्वार्फ आपल्याला ज्यूंसारखे वाटतात, असं त्याने 1955 च्या एका पत्रात लिहिलंय.

भाची : पण सोन्याचा लोभ आणि ज्यू, ही जोडी बरी नाही वाटत.

मामा : नाहीच. त्यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. मात्र भाषा लपवण्याची कल्पना बघ. थोरिन, बॉम्बुर ही नावं टोल्किनने नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचलली. गोष्टीत ती ड्वार्फांची बाहेरची नावं ठरतात, परक्यांना सांगायची. खरं नाव परक्याला कधीच कळत नाही, कबरीवरसुद्धा कोरत नाहीत. मोरिया या ड्वार्फांच्या जुन्या भुयारात थोरिनचा साथीदार बालिन याच्या कबरीवर मजकूर खुझ्दुलमध्ये आहे, पण नाव? बालिन.

भाची : परक्यांसमोर आपापसात काही बोलायचं झालं तर?

मामा : हातांची भाषा, इग्लिश्मेक. लहानपणापासून शिकवतात. तोंडाने एक चाललंय आणि बोटं भलतंच सांगतायत.

भाची : आपली करपल्लवी!

मामा : आणि आमच्याकडचा रुमाल. दोघे रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, भाव ठरतो, बाजूला उभ्या शेतकऱ्याला पत्ता नसतो. मालाचं वजन सगळ्यांसमोर, भाषा झाकलेली. ड्वार्फही कारागिरी विकतात, दगड विकतात, घाम विकतात. भाषा तेवढी विकायला काढत नाहीत.

भाची : मग कोणी परक्याने ती बोललीच तर चिडत असतील.

मामा : एकदा उलटं झालं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला ड्वार्फ गिमली मोरियातून जीव वाचवून एल्फांच्या राज्यात पोचतो. तिथे त्याच्या लोकांबद्दल कडवट बोललं जातं. तेवढ्यात राणी गॅलाड्रिएल त्याने गमावलेल्या ठिकाणांची नावं घेते, एल्फांच्या नाही, त्याच्या भाषेत. गिमली विरघळतो. निरोपाच्या वेळी काय हवं ते माग म्हणते, तर हा सोनं मागत नाही.

भाची : काय मागतो?

मामा : तिचा एक केस. ती तीन देते.

भाची : आणि करारपत्र?

मामा : कसलं करारपत्र!

भाची : मामा, ती रुमालाची खूण शिकव ना.

मामाने खांद्यावरचा पंचा तिच्या हातावर टाकला आणि आत तिची दोन बोटं दाबली.

भाची : किती झाले?

मामा : ते गिऱ्हाइकाला सांगत नसतात.