गाडी न येणारे स्थानक



बाजव्याच्या स्थानकावरून मुंबई-अमदावाद मार्गावरच्या गाड्या दिवसरात्र धावताना आपण पाहतो. पण आपल्याच जिल्ह्यात, करजण तालुक्यात, नर्मदाकाठच्या मोटी कोरल गावची छोटी गाडी आता येत नाही. तिची गोष्ट समजण्यासाठी १८६२ सालात जाऊ या.

त्या वर्षी महाराजा खंडेराव गायकवाडांनी डभोई ते मियागाम असा सुमारे ३२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू केला. भारतातला हा पहिला नॅरोगेज मार्ग. दोन रुळांमधले अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. बाजव्याच्या ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर आहे. वाट अरुंद असली की जमीन, माती आणि पूल या सगळ्यांचा खर्च कमी होतो. गंमत म्हणजे ही गाडी बैल ओढत! १८६३ मध्ये इंजिने मागवली, पण रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. रूळ बदलल्यावर १८७३ पासून वाफेची इंजिने नियमित धावू लागली.

पुढे महाराजा सयाजीराव (तिसरे) यांच्या काळात या छोट्या रेल्वेचे जाळे विस्तारले. चोरंदा ते मोटी कोरल हा १९ किलोमीटरचा फाटा याच जाळ्यातला.

मग गाडी बंद का झाली? छोट्या डब्यातला माल मोठ्या गाडीत चढवताना पुन्हा हमाली पडे. ट्रक आणि एसटी आल्यावर माल व उतारू दोन्ही रस्त्याकडे वळले. २०१८ मध्ये रेल्वेने हा फाटा धरून गुजरातमधले पाच नॅरोगेज मार्ग वारसा म्हणून जपायचे ठरवले. मात्र डिसेंबर २०२० मध्ये तोट्यातल्या मार्गांची जी यादी कायमची बंद करण्यासाठी निघाली, तिच्यात याच फाट्याचे नाव होते.

रिकामी गाडी चालवायला लोकांचाच पैसा लागतो, हे खरे. पण कमी भाड्यात दवाखाना, बाजार, शाळा गाठणाऱ्यांचे काय, हाही प्रश्न खराच. दोन्ही बाजू वर्गात मांडून पाहा.

उपक्रम : १) घरातल्या आजी-आजोबांना छोट्या गाडीचा प्रवास विचारा व त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. २) जुने तिकीट वा छायाचित्र असल्यास त्याची प्रत शाळेत आणा. ३) पालकांसह प्रतापनगरचे रेल्वे संग्रहालय पाहा.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती, की या लेखनासाठी ग्रंथालयात एक कपाट राखून ठेवावे. रूळ उखडले तरी आठवणी उखडू नयेत, एवढे तर आपल्या हातात आहे.