जुन्या गाडीतील कूलंटची वारंवार गळती : आधी कारण, मग दुरुस्ती

जयपूर परिसरात मे-जून महिन्यांत तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचते. अशा दिवसांत मुहाना मंडीकडे भाजीपाला नेणारी जुनी गाडी वाटेत तापून थांबली, तर इंजिनाबरोबर मालाचेही नुकसान होते. एका ठिकाणची गळती बंद केली की काही दिवसांत दुसरीकडे सुरू होते, असा अनुभव अनेक वाहनधारकांना येतो. याचे मूळ पुष्कळदा फुटलेल्या भागात नसून वरचेवर ओतल्या जाणाऱ्या पाण्यात असते.

राजस्थानच्या अनेक भागांत भूजल जड किंवा खारे आहे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर वेगळे होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही, रबरी होज पाइप कडक होऊन तडकतात, क्षारांचे कण वॉटर पंपाचे सील झिजवतात आणि क्लोराइडमुळे धातूला छिद्रे पडतात. गळती झाली की पुन्हा बोअरवेलचे पाणी ओतले जाते व त्याबरोबर नवे क्षार आत जातात. विदर्भ-मराठवाड्यात जेथे बोअरवेलचे पाणी जड आहे, तेथील मोटारी व ट्रॅक्टर यांनाही हेच लागू पडते.

तपासणीचा क्रम

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. झाकण हा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह आहे. ०.९ बार दाबाखाली पाणी सुमारे ११८ अंशांवर उकळते. झाकणाचे रबर वा स्प्रिंग निकामी झाल्यास कूलंट लवकर उकळून बाहेर पडते. म्हणून हा स्वस्त भाग प्रथम तपासावा.

२. गॅरेजमधील हातपंपाने झाकणावर नोंदलेल्या मर्यादेइतकाच दाब देऊन दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा उतरल्यास होजचे सांधे, क्लिपा, रेडिएटर, हीटरच्या नळ्या व पंपाखालील लहान छिद्र पाहावे. त्या छिद्रातून थेंब पडणे म्हणजे सील झिजल्याची खूण होय. ते छिद्र बुजवू नये.

३. बाहेर ओल नसताना पातळी घटत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घेऊन गाडी चालविणे थांबवावे.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय गाडी जेमतेम घरी आणण्यापुरता आहे. तोच गाळ पुढे नळ्या बुजवतो. सदोष भाग बदलल्यावर संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी आणि उत्पादकाने सुचविलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. भरताना आतील हवा काढून टाकावी. गाडीत डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन कायम ठेवल्यास वाटेत जड पाणी ओतण्याची वेळ येणार नाही.

पशुधनासाठी दक्षता : बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असल्याने जनावरे व कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. गोठ्याजवळ गळकी गाडी उभी करू नये. काढलेले कूलंट झाकणबंद डब्यात साठवून गॅरेजकडे द्यावे; शेतात, नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये.