बेंबीवरचा गोळा आणि पिल्लांचा प्रश्न : नाळ, अंतर्गळ व आनुवंशिकता



परिसर अभ्यासात 'पाळीव प्राणी' हा घटक शिकवताना आपण गाय, म्हैस, शेळी, कुत्रा यांचे उपयोग सांगतो आणि पुढे जातो. पण मुलांचे प्रश्न पुस्तकाबाहेरचे असतात. आमच्या अमडापूरला जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी कुत्रं आहे, त्यामुळे वर्गात एकदा प्रश्न आला : "सर, आमच्या कुत्रीच्या बेंबीला गोळा आहे. घरचे म्हणतात, तिची पिल्लं घेऊ, लोक मागतात. घ्यायची का?"

प्रश्न लहान, पण उत्तरात शरीररचना, आनुवंशिकता आणि आपली जबाबदारी अशा तिन्ही गोष्टी येतात. म्हणून हा पाठ. वर्गात घेता येईल आणि पालकांनाही घरी उपयोगी पडेल असा.

पाठाची उद्दिष्टे

१) नाळ आणि बेंबी यांचे कार्य समजणे.
२) बेंबीचा अंतर्गळ (हर्निया) म्हणजे काय ते ओळखता येणे.
३) जन्मजात दोष पुढच्या पिढीत कसा जातो हे कृतीतून समजणे.
४) प्राण्यांविषयी जबाबदारीने निर्णय घेता येणे.

नाळ आणि बेंबी

पिल्लू आईच्या पोटात असताना त्याला अन्न आणि ऑक्सिजन नाळेतून मिळतो. नाळेच्या रक्तवाहिन्या पोटात शिरतात, त्यासाठी पिल्लाच्या पोटाच्या स्नायूंमध्ये एक छोटी फट असते. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, पिल्लाची नाळ स्वतःच चावून तोडते. उरलेला तुकडा काही दिवसांत वाळून गळतो आणि आतली फट मिटते. बाहेर राहते ती बेंबी. कुत्र्याच्या अंगावर केस असल्यामुळे ती चटकन दिसत नाही. बरगड्या संपतात त्याच्या जरा मागे, पोटाच्या मधोमध शोधा.

अंतर्गळ म्हणजे काय?

काही पिल्लांत ती फट पूर्ण मिटत नाही. मग पोटातली चरबी, कधी आतड्याचा वेढा त्या फटीतून कातडीखाली येतो आणि बाहेरून मऊ गोळा दिसतो. यालाच बेंबीचा अंतर्गळ म्हणतात. पोत्याची शिवण उसवली की आतला माल फुगून बाहेर दिसतो, तसंच समजा. कातडी शाबूत असते, उसवलेली असते ती आतली स्नायूंची शिवण.

प्रत्येक गोळा हा अंतर्गळच असतो असं नाही. गाठ गरम लागते, पू किंवा पाणी येतं, तर नाळ पिकलेली असू शकते. वासरांमध्ये आपल्याकडे हे बऱ्याचदा पाहायला मिळतं. मोठ्या कुत्रीत सडाजवळची गाठही बेंबीची वाटू शकते. म्हणून नक्की काय आहे ते डॉक्टरांनीच सांगावं.

कधी थांबायचं, कधी धावायचं?

- गोळा लहान, मऊ आहे आणि हलकं दाबल्यावर आत जातो : घाई नाही, पण डॉक्टरांना दाखवून ठेवा. पिल्लांमधली लहान फट सहा महिन्यांपर्यंत आपोआप मिटू शकते.
- फटीत बोटाचं टोक सहज जातं किंवा गोळा वाढतो आहे : आतडं अडकण्याची भीती असते. ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी बोला.
- गोळा अचानक कडक, दुखरा, गरम झाला, आत जात नाही, कुत्री उलट्या करते, खात नाही : त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबला तर जीव जातो.

पालकांना एक सूचना : गोळा दाबून पाहायचं काम मुलांना देऊ नका. दुखलं की घरचं कुत्रंही चावतं. चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या.

"ऑपरेशन केलं, मग दोष गेला ना?"

हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. उत्तर आहे, त्या कुत्रीपुरता गेला, पिल्लांसाठी नाही. टाके घातल्याने फट बुजते. पण फट न मिटण्याची सूचना जर तिच्या जनुकांतच असेल, तर ती जनुकं टाक्यांनी बदलत नाहीत.

"आईने नाळ ओढली म्हणून झालं," असं लोक सांगतात. कधी तसं होतही असेल, पण कुत्र्यांमधला बेंबीचा अंतर्गळ बहुतेक वेळा आनुवंशिक मानला जातो. एअरडेल टेरियर, बसेंजी, पेकिंगीज यांसारख्या जातींत तो जास्त दिसतो, त्यावरूनही हे लक्षात येतं.

शेतकऱ्याला हे पटवायला वेळ लागत नाही. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवताना आपण किडका, फुटका दाणा वेगळा काढतो. म्हशीसाठी रेडा निवडतानाही त्याची आई कशी होती ते विचारतो. कुत्रीच्या बाबतीत मात्र "गोड दिसते, पिल्लं चांगली होतील" एवढ्यावर ठरवतो.

वर्गातील कृती : चिठ्ठ्यांचा खेळ

साहित्य : दोन डबे, चार चिठ्ठ्या.

कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, पिल्लाला ३९ आईकडून आणि ३९ वडिलांकडून मिळतात. म्हणजे प्रत्येक गुणाच्या दोन 'चिठ्ठ्या', एकेक दोघांकडून. एका चिठ्ठीवर 'पक्की शिवण', दुसरीवर 'कच्ची शिवण' लिहा. नियम असा : दोन्ही चिठ्ठ्या 'कच्ची' आल्या तरच गोळा दिसेल.

*फेरी १ :* आईच्या डब्यात दोन्ही 'कच्ची' (तिला गोळा आहे), वडिलांच्या डब्यात दोन्ही 'पक्की'. मुलं एकेक चिठ्ठी काढून पिल्लं 'जन्माला घालतील'. एकाही पिल्लाला गोळा दिसणार नाही. पण प्रत्येकाच्या अंगात एक कच्ची चिठ्ठी लपलेली असेल.

*फेरी २ :* आईकडे दोन्ही 'कच्ची', वडिलांकडे एक 'पक्की', एक 'कच्ची'. आता सरासरी निम्म्या पिल्लांना गोळा.

*फेरी ३ :* दोघांकडेही एक 'पक्की', एक 'कच्ची'. दोघं दिसायला ठणठणीत, तरी सरासरी चारात एक पिल्लू गोळ्याचं.

पहिली फेरी नीट समजावून सांगा. "मागच्या वेताला सगळी पिल्लं चांगली होती" हे वाक्य का पुरेसं नाही, ते मुलांना इथे कळतं. ही पिल्लं त्याच गावात, त्याच आळीत वाढतात आणि पुढे त्यांचीच आपसात जोडी लागते. तेव्हा तिसरी फेरी आपोआप घडते.

शिक्षकांसाठी टीप : ही सोपी प्रतिकृती आहे. प्रत्यक्षात अंतर्गळात एकापेक्षा जास्त जनुकांचा हात असावा असं मानतात, म्हणून आकडे इतके नेटके येत नाहीत. नववीच्या 'आनुवंशिकता व परिवर्तन' या पाठाची तयारी म्हणून मोठ्या वर्गांनाही हा खेळ चालतो.

कुत्रीला स्वतःला काय धोका?

गाभणपणात गर्भाशय वाढतं, पोटातला दाब वाढतो. विताना ती कळा देते तेव्हा दाब आणखी वाढतो. आधीच उसवलेली शिवण ताणली जाऊन आतडं बाहेर येण्याची, अडकण्याची शक्यता वाढते. लहान, चरबीचा गोळा असलेल्या कुत्र्या सुखरूप वितातही. पण मोठा गोळा असेल तर आपण तिचा जीव पणाला लावतो.

म्हणून योग्य सल्ला हा : अशी कुत्री लावू नये. गोळ्याचं ऑपरेशन आणि नसबंदी एकाच भुलीत होऊ शकते, खर्च आणि त्रास दोन्ही वाचतात. गोळा असलेल्या कुत्र्याचीही (नराचीही) जोड लावू नये, हे सांगायला विसरू नका.

आधीच गाभण असेल तर?

घाबरू नका, तिला रागावूही नका. डॉक्टरांना दाखवा, तारखेचा अंदाज घ्या, गोळ्याचा आकार रोज बघा. मोकाट पळणं, उड्या मारणं टाळा. तातडीची गरज नसेल तर ऑपरेशन साधारणपणे पिल्लं सुटल्यावर करतात. जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाची बेंबी तपासा आणि पिल्लू देताना समोरच्याला खरं सांगा.

डॉक्टर कुठे? आपल्याकडे ढोरांच्या दवाखान्यात कुत्रंही दाखवता येतं. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक वहीत लिहून ठेवा. अवघड ऑपरेशनसाठी अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे.

कायदा काय म्हणतो?

विक्रीसाठी कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना केंद्र सरकारचे २०१७ चे नियम लागू आहेत. त्यानुसार नोंदणी लागते, नर-मादी किमान १८ महिन्यांचे आणि पशुवैद्यकाने निरोगी ठरवलेले असावे लागतात, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. परिपाठाला आपण कर्तव्यं वाचतो, हे त्यातलंच एक.

पालकांसाठी जाता जाता

आपल्या तान्ह्या बाळाचीही बेंबी कधी फुगलेली असते. ती बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसते. तिच्यावर नाणं बांधू नका. त्याने फट लवकर मिटत नाही, कातडी मात्र चिघळते. बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. हीच गोष्ट कुत्रीच्या पोटावर पट्टी आवळण्यालाही लागू आहे.

स्वाध्याय

१) नाळेचे कार्य दोन वाक्यांत लिहा.
२) ऑपरेशन झालेल्या कुत्रीची पिल्लं का घेऊ नयेत? स्वतःच्या शब्दांत सांगा.
३) फेरी १ मधील दोन पिल्लांची पुढे जोडी लागली तर काय होईल? चिठ्ठ्या काढून पाहा.
४) घरातील मोठ्यांना विचारा : बियाणं किंवा जनावर निवडताना ते काय काय पाहतात? यादी करा.

चौथा प्रश्न गृहपाठ म्हणून जरूर द्या. कुत्रीचं काय करायचं याची चर्चा त्या निमित्ताने घरीच सुरू होते आणि निर्णय घेणारे मोठेही त्यात येतात. कृती वर्गात घेतली तर मुलांनी काय विचारलं ते नक्की कळवा.