मालाची गाडी निघण्यापूर्वी टायरची हवा



आपण तागा विकत घेताना पन्ना मोजतो, सूत बोटांनी चोळून पाहतो, रंग उतरतो का याची खात्री करतो. तोच माल पिकअपमध्ये भरून रत्नागिरीला किंवा बेळगावला पाठवताना मात्र टायरला एक लाथ मारतो आणि म्हणतो, "हवा बरी आहे, निघ." ज्या चार चाकांवर आपला माल, आपली उधारी आणि ड्रायव्हरचा जीव असतो, त्यांची पारख अशी लाथेने होत नाही. आज याच विषयाचा धडा पाहू.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या आधी इचलकरंजीहून माल भरून आमची गाडी रत्नागिरीला निघाली. भर दुपारी कोल्हापूरला आल्यावर ड्रायव्हरने हवा तपासली. दाराजवळच्या पट्टीवर मागच्या टायरसाठी ५० पौंड लिहिले होते, काटा ५६ दाखवत होता. त्याने मला फोन केला. मी शहाणपणाने सांगितले, "सहा पौंड जास्त आहे, काढून टाक." त्याने काढली. मलकापूरच्या पुढे, आंबा घाटाचा उतार सुरू व्हायला थोडेच अंतर असताना मागचा उजवा टायर बाजूने फाटला. रस्ता सपाट होता म्हणून गाडी सावरली. माल दोन दिवस उशिरा पोचला, तोवर गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल उचलला होता. परत आल्यावर ड्रायव्हर एवढेच म्हणाला, "चाचा, घाटात फुटला असता तर?" त्याला दोन लहान मुले आहेत. मला उत्तर देता आले नाही.

चूक कुठे झाली?

टायरवरचा आकडा नेहमी थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा एक-दोन किलोमीटरच हळू चाललेली असावी. गाडी धावली की टायर तापतो आणि आतली हवा फुगते. ५० पौंडांच्या टायरमध्ये हवा १० अंश सेल्सिअसने तापली तर काटा साधारण २ पौंड वर जातो. इचलकरंजीहून भरलेली गाडी दुपारच्या उन्हात तीस किलोमीटर आली, तेव्हा टायर ३० अंश तापणे नवल नाही. म्हणजे ५६ हा आकडा बरोबरच होता. सहा पौंड काढल्यावर तो टायर थंडीच्या हिशेबाने ४४-४५ वर आला आणि त्यावर पूर्ण बोजा पडला.

म्हणून पहिला नियम : तापलेल्या टायरमधून हवा कधी काढू नये. उलट तापलेला टायर पट्टीवरच्या आकड्याइतकाच किंवा त्याहून कमी दाखवत असेल, तर हवा कमी आहे असे समजावे. अशा वेळी पट्टीच्या आकड्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त भरून निघावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पुन्हा नेमकी करावी.

आकडा कुठे पाहावा?

टायरच्या बाजूवर जो पौंडांचा आकडा कोरलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तोच भरायचा आकडा समजून अनेक जण फसतात. एकच टायर वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, तेव्हा टायर कंपनीला आपल्या गाडीचे वजन कसे ठाऊक असणार? भरायचा आकडा गाडी बनवणारी कंपनी देते. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. पुढचा आणि मागचा आकडा बहुधा वेगळा असतो. काही गाड्यांना रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दोन आकडे देतात. पट्टी पुसली असेल तर पुस्तकातून आकडे उतरवून ड्रायव्हरसमोर चिकटवावेत. "सगळीकडे ३५ टाक" असे पंपावरच्या पोराला सांगणे हा हिशेब नव्हे.

वजनाचे गणित

एका मागच्या चाकावर ७०० किलो आले असे धरा. म्हणजे सुमारे १५४० पौंड. हवेचा दाब एका चौरस इंचावर किती पौंड, असा मोजतात. ५० पौंड हवा असेल तर ते वजन पेलायला टायरचा सुमारे ३१ चौरस इंच भाग जमिनीला टेकतो. ३५ पौंड असेल तर ४४ चौरस इंच टेकावा लागतो. हे गणित ढोबळ आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, दर फेऱ्याला त्याची बाजू दुमडते आणि सरळ होते. तार सारखी वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच टायरच्या आतल्या धाग्यांचे होते. वेग आणि ऊन त्यात भर घालतात.

कापडाचे वजन डोळ्यांना फसवते. चौरस मीटरला १०० ग्रॅमचे कापड, पन्ना ४४ इंच, लांबी १०० मीटर, अशा एका ताग्याचे वजन अकरा किलोच्या वर जाते. शंभर तागे म्हणजे अकराशे किलोपेक्षा जास्त. पावसात भिजले तर आणखी. म्हणून एकदा तरी भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि आरसी बुकातल्या क्षमतेशी ताडून पाहावी. बोजा क्षमतेपेक्षा जास्त असेल तर हवा वाढवून उपयोग नाही. हवेने गाडीचे पाटे, ब्रेक आणि टायरची ताकद वाढत नाही. तिथे दुसरी खेप हाच इलाज.

घाट आणि कोकण

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, रत्नागिरी समुद्राकाठी. खाली बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे इथे ५० दाखवणारा टायर तेवढाच थंड असताना तिथे ४९ च्या आसपास दाखवील. एवढ्याने घाबरू नये. मात्र थंडीच्या पहाटे १५ अंशांत आणि चैत्राच्या दुपारी ३८ अंशांत उभ्या गाडीच्या काट्यात चार-पाच पौंडांचा फरक सहज पडतो. म्हणून ऋतू बदलला की हवा नव्याने तपासावी.

आंबा, करूळ, आंबोली यांपैकी कोणताही घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात, ती उष्णता चाकातून टायरकडे जाते.

माल उतरवून रिकामी गाडी त्याच भरगच्च हवेवर परत आणली तर मागचे टायर उसळतात, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि टायर मधोमध झिजतो. पट्टीवर रिकाम्या गाडीचा आकडा असेल तर सकाळी थंड टायरवर तेवढी हवा कमी करावी आणि पुढची खेप भरण्यापूर्वी न विसरता वाढवावी. परतीला आंब्याच्या पेट्या किंवा दुसरे भाडे मिळणार असेल तर हवेला हात लावू नये.

टायर स्वतः सांगतो

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते आहे. मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड झिजली तर चाकांची अलाइनमेंट पाहावी. नायट्रोजन भरला म्हणून निश्चिंत राहू नये. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात.

स्टेपनी विसरू नका. हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवण्याचा धंदा सुरू झाला. ते चाक गरजेला उपयोगी पडावे म्हणून. आपली स्टेपनी मात्र महिनोन्‌महिने बसलेली असते. तिच्यात गाडीचा सर्वांत मोठा आकडा भरून ठेवावा.

घडवायची सवय

दोन-तीनशे रुपयांचे गेज गाडीत ठेवा. पंपापंपाचा काटा वेगळा, आपला एकच असावा. दर आठवड्याला आणि प्रत्येक लांब खेपेच्या सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी पाचही चाके मोजा. एका आसावरची दोन्ही चाके सारखी ठेवा. व्हॉल्व्हची टोपी लावा. एकच टायर वारंवार उतरत असेल तर भरत बसू नका, पंक्चरवाल्याला दाखवा. आकडे वहीत लिहा, जसे उधारीचे लिहितो.

हे सारे काम दहा मिनिटांचे आहे. माल गेला तर पुन्हा विणता येतो. ड्रायव्हर मात्र त्याच्या घरच्यांनी आपल्यावर सोपवलेली अमानत आहे. ती सहीसलामत परत पोचवणे हा आपल्या व्यवहाराचाच भाग आहे.