साठ ग्रॅम

६० ग्रॅम म्हणजे कोंबडीचं एक अंडं. तेवढं वजन सायकलीवरून उतरवण्याच्या नादात मी उजव्या खांद्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू चढवून घेतले. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा.

मी राहतो कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. इथून उत्तरेला, खाडीपलीकडे, फेअरफॅक्स गाव आहे. १९७०च्या दशकात तिथली टवाळ पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर चढवायची आणि खाली सोडायची. उतारावर मागच्या पायब्रेकचं हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून जायचं. खाली आलं की ते नव्यानं भरायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं रिपॅक. १९७६ साली तिथं पहिली शर्यत झाली. त्या सायकली चांगल्या जडशीळ होत्या. मग वारं फिरलं, आणि नव्वदीच्या सुरुवातीला दहा किलोंच्या आतली माउंटन बाइक हा इभ्रतीचा प्रश्न झाला. मी तेव्हा पुण्यात २२ इंची काळ्या अ‍ॅटलसवर कॉलेजला जात होतो. राहून गेलेली हौस पन्नाशीत उफाळली.

एका गॅरेजमधून १९९१ सालची फ्रेम उचलली. नळ्या तांगे प्रेस्टीजच्या, जपानी पोलादाच्या. टोकांना जाड, मध्ये पातळ. (तांगे वाचलं की मला अजून घोडा दिसतो.) रंग पाहून भाळलो आणि सीटपोस्ट हलतो का, हे बघायचं विसरलो. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला की दोन धातूंमध्ये गंजाचा लेप धरतो आणि तो जाम होतो. महिनाभर तेल पाजलं, शेवटी हॅकसॉचं पातं आत घालून उभा चिरून काढावा लागला. तेव्हा पैसे मोजण्याआधी सीटपोस्ट आणि हँडल धरणारा स्टेम दोन्ही फिरवून बघा. नवा पोस्ट घेताना व्हर्नियरनं मापच घ्या. २६.८ आणि २७ मिलिमीटर डोळ्यांना सारखेच दिसतात, फ्रेमला नाही. बॉटम ब्रॅकेटचे उजव्या बाजूचे आटे बहुधा उलटे असतात, तेही लक्षात असू द्या. जोर लावण्याआधी दिशा बघा.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये आला. एकेक बोल्ट तोलून एक्सेलमध्ये चढवायचा, हा खरा आजार. हँडल त्या काळातलंच हवं म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं, वापरलेलं, १४० ग्रॅमचं घेतलं. साधं २०० ग्रॅमचं शेजारीच पडलं होतं.

जुन्या स्टेमला पुढची झाकणपट्टी नसते. वाकडं हँडल त्या अरुंद कड्यातून पिळत पिळत सरकवावं लागतं. मी तेच केलं, आणि मधोमध एक लांब ओरखडा उठला. स्टेमखाली झाकला जाईल म्हणून सोडून दिला. वर टोकांना बारएंड लावले, म्हणजे ओढायला तरफ आणखी लांब. पुढे तीन आठवडे चढावर कुरकुर ऐकू येत होती. मी सीटला दोष देऊन तिलाच ग्रीस लावत बसलो. रिपॅकच्याच एका वळणावर हँडलची उजवी बाजू माझ्या हातात आली, बाकीची सायकल पुढे गेली. कॉलरबोनचे तीन तुकडे.

तुटलेली कड नंतर नीट पाहिली. ओरखड्यापासून निम्म्यापर्यंत काळपट, जुनी भेग. उरलेला भाग ताजा, चकचकीत. म्हणजे ते एका धक्क्यात तुटलं नव्हतं. पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा तग धरतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, प्रत्येक हिसका त्याच्या खात्यावर जमा होतो. तीस वर्षांच्या हँडलच्या खात्यावर किती हिसके जमा आहेत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

स्टेमचं कडं रुंद करायची युक्ती मला इस्पितळातून आल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दाखवली. बोल्ट काढायचा, आट्यांच्या बाजूनं उलटा घालायचा, फटीत एक नाणं धरायचं आणि हलकेच आवळायचं. बोल्ट नाण्यावर टेकतो, कडं उघडतं, हँडल ओरखड्याविना सरकतं. आटे आरपार असले तरच हे जमतं.

जुनी फ्रेम, जुने गिअर, जुने क्रँक खुशाल वापरा, भेगा तपासून. हँडल, स्टेम आणि सीटपोस्ट मात्र नवेच घ्या; ब्रेकला आणि स्टेमला अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट लावू नका. वजन उतरवायचंच तर टायर-ट्यूबमधून उतरवा. तिथं थोड्या पैशांत पाव किलो सहज जातं, आणि फिरणाऱ्या चाकाचं असल्यामुळे पायांनाही कळतं. टायटॅनियमच्या बोल्टांवर मी जे उधळलं त्यात पुण्याला जाऊन येता आलं असतं.

सायकल आता १०.४ किलो भरते. मागच्या महिन्यात तिच्यावरून रिपॅक पुन्हा उतरलो. ब्रेक दाबत, सगळ्यांच्या मागून.