थंड प्रकाशाचे कोडे

मृगाच्या सुमारास राधानगरीच्या रानात काजव्यांनी लुकलुकणारी झाडे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. गगनबावड्यापुढचा घाट उतरून मालवणला गेलात, तर हिवाळ्यातील एखाद्या अंधाऱ्या रात्री लाटाही निळसर चमकताना दिसू शकतात. ही चमक अनेकदा ‘नॉक्टिल्युका’ या, सामान्यतः खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशा एकपेशीय सागरी जीवांची असते. पाणी हाताने ढवळा. प्रकाश दिसेल, पण चटका बसणार नाही. मग हा थंड प्रकाश निर्माण होतो कसा?

फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युब्वा यांनी १८८७ मध्ये ‘फोलास’ या खडकात भोक पाडून राहणाऱ्या, चमकणाऱ्या शिंपल्यावर प्रयोग केला. त्याचा प्रकाश देणारा भाग थंड पाण्यात कुस्करून त्यांनी अर्क काढला. अर्क चमकला, पण थोड्या वेळाने विझला. दुसरा अर्क कढत पाण्यात काढला. तो चमकलाच नाही. तो निवल्यावर दोन्ही अर्क एकत्र केले, आणि मिश्रण उजळले!

येथे क्षणभर थांबा व कारण स्वतः शोधा.

या प्रकाशासाठी दोन पदार्थ लागतात. एक जळणासारखा खर्च होतो, तो ल्युसिफेरिन. दुसरा त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवतो, पण स्वतः संपत नाही. तो ल्युसिफेरेज हे विकर. थंड अर्कात ल्युसिफेरिन संपले, विकर उरले. कढत अर्कात उष्णतेने विकर निकामी झाले, ल्युसिफेरिन उरले. दोघांची गाठ पडताच क्रिया सुरू झाली. या क्रियेत तयार होणारा रेणू ऊर्जेने उत्तेजित होतो आणि शांत होताना ती ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो.

मात्र काजवा, फोलास आणि नॉक्टिल्युका यांची ल्युसिफेरिने एकच नव्हेत. नाव एक, पदार्थ निराळे! नॉक्टिल्युकाला लाटेचा धक्का बसला, की पेशीतील प्रकाशकणांची आम्लता वाढते आणि विकर कामाला लागते.

वर्गात फोलास मिळणार नाही, पण बटाटा मिळेल. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर शिक्षकांच्या देखरेखीखाली औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडचे थोडे थेंब टाका. बटाट्यातील कॅटॅलेज या विकरामुळे फेस येईल. चांगल्या उकडलेल्या फोडीवर तो येणार नाही.

आता सांगा, द्युब्वांनी विझलेला थंड अर्कही आधी उकळून घेतला असता, तर मिश्रणात काय दिसले असते?